मोंबासाचा अभ्यास

मंगळवार, ९ फेब्रुवारी १८९७. सकाळी साडेआठ वाजता लालबागच्या एका दुमजली चाळीच्या वरच्या गॅलरीत चिंतामणी मास्तरांनी मोंबासाहून आलेलं पत्र मोठ्याने वाचलं. पत्र जयवंत राऊतचं होतं, त्याच्या वडिलांच्या नावे. रेल्वेच्या साहेबाने कुटुंबासाठी देऊ केलेली पत्र्याची खोली आपण परत केली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

गॅलरीत तेव्हा नऊ माणसं होती. या बातमीशी ज्या माणसाचा सगळ्यांत जास्त संबंध होता ते माणूस मात्र गॅलरीत नव्हतं. जयवंतची बायको सुभद्रा दाराच्या आत, चुलीपाशी, सुपात तांदूळ निवडत होती. तिने शब्द ऐकले. हात थांबला नाही, पण पुढचे चार खडे तिने तांदळातच राहू दिले.

"मास्तरानु, ता खोलीचा परत एकदा वाचा," सासरे म्हणाले.

विठोबा राऊत गिरणीत साळखात्याचे, म्हणजे मागांच्या खात्याचे, जॉबर, मुकादम. साथीला भिऊन अर्धी माणसं कोकणात पळाली होती, माग चालवायला हात नव्हते, म्हणून साळखातं दोन दिवस बंद होतं आणि विठोबा भर सकाळी घरी होते.

मास्तरांनी चष्मा सावरला. "'येथे साहेबांनी सहा खोल्या बांधविल्या आहेत. पैकी एक मजला दिली होती. परंतु घरच्या मंडळींचा अभ्यास पाहता त्यांचे मन तेथे चांगले रमले आहे असे दिसते. सबब ती खोली मी अलिबागचे गंगाधर नाईक यांस दिली. त्यांचे कुटुंब एप्रिलात येईल. गाठीच्या तापाचे वृत्त वाचून चित्त लागत नाही. आपण सर्वांनी गावी जावे हे उत्तम.'"

"बरा केल्यान," विठोबा म्हणाले. "साता समुद्रापलीकडे बायलेक न्हेतत काय? शाणो झालो झिल माझो."

शेजारची रखमा हसली. "शाणो कसलो, मामांनू? हाताशी इलेली खोली दुसऱ्याक दिल्यान. आमच्या घोवाक चाळीचो जिनो जरी कोणी दिलो तरी तो सोडूचो नाय."

गॅलरी हसली. सासूबाई, सखुबाई, हसल्या नाहीत. त्यांनी आत वळून सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर तोंड केलं.

पत्राबरोबर नेहमीप्रमाणे दोन घड्या घातलेले कागद होते. मास्तरांनी ते न उलगडता दारातून आत सरकवले. "सूनबाई, तुमचा अभ्यास."

या अभ्यासाची हकीकत अशी. जयवंत भायखळ्याच्या टेक्निकल शाळेत नकाशे काढायला शिकला आणि शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, तीन वर्षांच्या करारावर, आफ्रिकेत नव्या रेल्वेच्या कामावर गेला. सुभद्रा तेव्हा अठरा वर्षांची होती. तिचे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मुलगी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची आणि खिळ्यांच्या खणांपाशी बसून राहायची. मराठी अक्षरं ती तिथेच शिकली, इंग्रजीही थोडी. पण शिकली ती उलटी, कारण खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं. कागदावर सुलट अक्षर पाहिलं की सुरुवातीला तिला ते चुकल्यासारखं वाटायचं. लग्न होऊन लालबागला आल्यावर जयवंतला हे कळलं, तेव्हा तो इतका हसला की सखुबाईंनी बाहेरून खोकून दाखवलं.

जाण्यापूर्वी त्याने ठरवून टाकलं, हिला इंग्रजी यायला हवं. मोंबासात दुकानदार, डाक्टर, साहेबाची मडम, सगळ्यांशी त्याच भाषेत बोलावं लागतं. विठोबांनी हरकत घेतली नाही. सुनेला घेऊन जायचा बेत ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, पण अभ्यासात काय वाईट? बसल्या जागी होतो.

मोंबासाची बोट चार आठवड्यांनी एकदा यायची. तिच्याबरोबर वडिलांना मराठी पत्र यायचं. ते मास्तर गॅलरीत वाचायचे, कारण विठोबांना अक्षर येत नव्हतं आणि परदेशातलं पत्र एका घराचं नसतं, चाळीचं असतं. त्या पत्रात सुभद्रेचं नाव कधी नसायचं. नवऱ्याने बायकोला वेगळं पत्र लिहिणं, तेही आईबाप जिवंत असताना, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेवटी एक ओळ असायची, 'घरच्या मंडळींस अभ्यास पाठविला आहे.' ती ओळ वाचून झाली की सगळे उठायचे.

अभ्यासाच्या कागदावर वर एक इंग्रजी शब्दप्रयोग, खाली त्याचा मराठी अर्थ, मग जयवंतने स्वतःच्या दिवसातून काढलेली तीन वाक्यं, आणि त्याखाली एक ते दहा आकडे. आकड्यांपुढे सुभद्रेने आपली वाक्यं लिहायची. नियम एकच, घरात रोज घडतं तेच लिहायचं, पुस्तकातलं नको. कागद परतीच्या बोटीने जायचा आणि पुढच्या बोटीने लाल शाईने तपासून यायचा, नव्या कागदासोबत.

उठणे, शोधणे, सांभाळणे, संपून जाणे, असे अकरा शब्दप्रयोग झाले, त्यांतले पहिले दोन त्याने निघण्यापूर्वीच लिहून दिले होते. पाणी संपून गेलं. सासूबाई शेजारणीचं मूल सांभाळतात. मी सुई शोधते. सुभद्रेच्या इंग्रजीत लालबागची ती चाळ खोलीखोलीने उतरत होती. तिचा चाळीलाही उपयोग व्हायला लागला होता. म्युन्सिपालटीची माणसं साथीच्या घरांवर इंग्रजी अक्षरं रंगवून जात, तेव्हा बायका तिलाच हाक मारायच्या, "सुभद्रे, काय लिवलानी गो दारार?" राहण्यास अयोग्य, असं ती सांगायची आणि तिला उगाच अपराध्यासारखं व्हायचं.

ऑक्टोबरातल्या पत्रात पत्र्याच्या खोल्यांची बातमी पहिल्यांदा आली. साहेबाकडे अर्ज केला आहे, असं जयवंतने लिहिलं होतं. विठोबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सुभद्रेने त्या रात्री काही केलं नाही. चार दिवसांनी मात्र खाटेखालची ट्रंक ओढून तिने धुतली, उन्हात वाळवली आणि दोन लुगडी तळाशी घालून पुन्हा खाटेखाली ढकलली.

डिसेंबरच्या बोटीने बारावा शब्दप्रयोग आला, लुक फॉरवर्ड टू. जयवंतने अर्थ लिहिला होता: 'वाट पाहणे. पण नुसती नव्हे. येणार हे ठाऊक असलेल्या गोष्टीची, आनंदाने.' त्याची तीन वाक्यं अशी होती. मी पावसाची वाट पाहतो. आमचा साहेब रविवारची वाट पाहतो. मी टपालाची वाट पाहतो.

सुभद्रा तो कागद घेऊन पाच दुपारी बसली, त्यात परतीची बोट चुकली आणि कागद जानेवारीच्या बोटीने गेला, म्हणून जानेवारीत नवा अभ्यास आलाच नाही. एवढा वेळ तिला कुठल्याच अभ्यासाला लागला नव्हता. पहिल्या आकड्यापुढे काय लिहायचं हे तिला पहिल्या क्षणीच माहीत होतं आणि तेच तिच्याने लिहवत नव्हतं. नवऱ्याचं नाव तिने लग्नात उखाण्यात घेतलं होतं, आणि दर संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांनी दार अडवलं तेव्हा. त्याखेरीज ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं आणि हातून तर मुळीच नाही. लखोट्यावरचा पत्ता मास्तर लिहायचे. 'तुमची' असं लिहावं, तर ते चारचौघांत सासऱ्यांदेखत नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघण्यासारखं. इंग्रजी घरात कोणाला कळत नव्हतं हे खरं, पण हाताला ते कुठे माहीत होतं? टाक आकड्यापर्यंत जायचा आणि शाई वाळायची.

शेवटी तिने आजूबाजूने लिहिलं.

मी मंगळवारची वाट पाहते. मामंजी रविवारच्या सुट्टीची वाट पाहतात. सासूबाई शिवडीहून येणाऱ्या कोळणीची वाट पाहतात. शेजारीण लेकीच्या माहेरपणाची वाट पाहते. चाळीतली मुलं तिळगुळाची वाट पाहतात. मी पहाटे नळाला येणाऱ्या पाण्याची वाट पाहते. मी बोटीची वाट पाहते. मी लाल शाईची वाट पाहते. आम्ही सगळे साथ जाण्याची वाट पाहतो. दहावं वाक्य तिने सगळ्यांत जपून लिहिलं: खाटेखालची ट्रंक कोणीतरी उघडण्याची वाट पाहते.

एवढं लिहिल्यावर न समजायला काय झालं, असं तिला वाटलं होतं. मंगळवारी काय येतं? बोटीवर कोण असतं? लाल शाई कोणाची? तिच्या घरात आणि तिच्या माहेरात बायका असंच बोलत आल्या होत्या. आई म्हणायची, "आज भाकऱ्या दोन जास्त टाकते," आणि वडील लवकर येणार आहेत हे घराला कळायचं. नाव घ्यायची गरज कोणाला पडली होती?

आता तपासलेला तोच कागद तिच्या मांडीवर होता.

गॅलरी पांगल्यावर तिने तो उलगडला. नऊ वाक्यांपुढे बरोबरच्या खुणा. दहाव्यावर लाल रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात शेरा: 'निर्जीव वस्तू वाट पाहत नाहीत. येथे माणूस हवा.' तळाशी गुण, दहापैकी नऊ. त्याखाली मराठीत एक ओळ: 'घर भरलेले दिसते. मंगळवार आहे, बोट आहे, शाईसुद्धा आहे.' ओळीच्या शेवटी काहीतरी लिहून ते लाल शाईने इतकं गिरवून खोडलं होतं की तिथे कागद फुगला होता.

तिने दुसरा, नवा कागद पाहिला. तेरावा शब्दप्रयोग: गेट यूज्ड टू. अर्थ, सवय होणे. त्याची तीन वाक्यं: मला उकाड्याची सवय होत आहे. मला हाताने भात शिजवण्याची सवय होत आहे. मला रिकाम्या खोलीची सवय होत आहे.

सखुबाई आत येऊन समोर बसल्या. सुपातले तांदूळ त्यांनी आपल्याकडे ओढले आणि राहिलेले खडे वेचायला लागल्या.

"अगो, तुका थंय जावचा हा काय?"

सुभद्रेने मान खाली घातली.

"माका बोल. मी काय गॅलरी नाय."

"जायचंय," सुभद्रा म्हणाली.

"मगे त्याका लिवलंस कित्याक नाय?"

"लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं."

"त्याचा नाव लिवलंस?"

"नाव कसं लिहू?"

सखुबाईंनी खडा दाराबाहेर टाकला. "खुळो तो. शाळेत घातलो, नकाशे काढूक शिकलो, आनि घरातली वाट दिसणा नाय त्याका." मग थोडं थांबून, "तूय खुळीच. लांब गेलेल्या माणसाक अर्ध्यात सांगून कळता काय? हयसून हाक मारूची तर मोठ्यान मारूक होयी."

सुभद्रेने कागद उचलून दाराच्या उजेडात धरला. ती खोडलेली जागा तिला सोडवत नव्हती. समोरून काही दिसेना. मग तिने कागद उलटा केला. जयवंत टाक दाबून लिहायचा. खोडण्याच्या रेघा शाईने भरल्या होत्या, पण अक्षरांचे उठाव पाठीमागे आलेच होते, उलटे. दुसऱ्या कोणाला त्यातून काही लागलं नसतं. खिळ्यांच्या खणांपाशी वाढलेल्या मुलीला ते वाचायला एक क्षण लागला. इंग्रजीत दोनच शब्द होते, पुढे प्रश्नचिन्ह.

आणि मी?

तिने कागद खाली ठेवला. मन रमलं आहे असं समजून त्याने खोली परत केली नव्हती. दहा वाक्यांत त्याने स्वतःला शोधलं होतं, आणि तो कुठेच नव्हता.

"काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. चूक माझीच आहे."

मोंबासाचं टपाल फोर्टातल्या मोठ्या पोस्टात गुरुवारी दुपारी तीनला बंद होणार होतं. बोट शुक्रवारी सुटणार होती. त्याच शुक्रवारी विठोबांनी दोघी बायकांना वेंगुर्ल्याच्या बोटीत बसवायचं ठरवलं होतं. करी रोडच्या बाजूला चार दिवसांत सहा माणसं गेली होती. चाळीच्या मागच्याच गल्लीत चुन्याच्या पिंपांची गाडी उभी होती.

बुधवारी संध्याकाळी विठोबांनी मास्तरांना मराठी उत्तर सांगितलं. मास्तर लिहून घेत होते, सुभद्रा आत ऐकत होती. सगळी खुशाल आहेत. माग बंद आहेत. खोलीचं केलंस ते बरं केलंस. बायका गावी जातील. तब्येत सांभाळ.

"आणखी काही?" मास्तरांनी विचारलं.

"आनि काय? झाला."

म्हणजे मराठी पत्र त्याला हेच सांगणार होतं, बरं केलंस. त्याला दुसरं काही सांगू शकेल असा एकच कागद घरात होता आणि त्याच्या डोक्यावर सवय होणे असं लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी भांडी घासून झाल्यावर ती दाराशी बसली. या वेळी तिला पाच दुपारी लागल्या नाहीत. गिरणीच्या भोंग्याची मला सवय झाली आहे. फिनेलच्या वासाची सवय झाली आहे. मामंजी घरी असण्याची सवय होत आहे. पत्र दुसऱ्याने वाचण्याची मला सवय झाली आहे. दारांवरची अक्षरं वाचून दाखवण्याची सवय होत आहे. असं करत ती नवव्या आकड्यापर्यंत पोचली.

दहाव्यापुढे तिने टाक टेकवला. डोळे मिटून तिने वडिलांचा खणांचा लाकडी तक्ता आठवला. वडील अख्खा शब्द कधी पाहायचे नाहीत, एकेक अक्षर उचलायचे. तिनेही तसंच केलं. पहिलं अक्षर उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. सात इंग्रजी अक्षरं झाली तेव्हा कागदावर नवऱ्याचं नाव होतं आणि घर कोसळलं नव्हतं. सखुबाई चुलीत फुंकर घालत होत्या.

दहावं वाक्य असं झालं: जयवंत नसण्याची मला सवय झालेली नाही.

खाली जागा उरली होती. आकड्यांच्या बाहेर, नियमाच्याही बाहेर, तिने बारावा शब्दप्रयोग पुन्हा घेतला आणि लिहिलं: मी जयवंतची वाट पाहते. त्याखाली आणखी एक: ट्रंक नाही, मी.

साडेबाराला मास्तर शाळेतून आले. साथीमुळे वर्गात अकराच मुलं होती, लवकर सोडली. लखोटा त्यांच्याकडेच होता. फोर्टात त्यांचं काम होतं, ट्रामने जाऊन ते तो स्वतः टाकणार होते. सुभद्रेने दारातून कागद पुढे केला. मास्तर तो नेहमी न बघता लखोट्यात घालायचे. आज घडी उलटी पडली होती. त्यांच्या नजरेस नाव पडलं आणि ते थांबले.

गॅलरीत विठोबा खांबाला टेकून विडी ओढत होते. "काय मास्तरानु? कमी पडला काय अभ्यासात?"

मास्तरांनी सुभद्रेकडे पाहिलं नाही. "नाही, नाही. पुष्कळ प्रगती आहे."

"काय लिवल्यान ता सांगा तरी. आमच्या सुनेचा इंग्रजी आमका कधी तरी कळांदे."

रखमा दारातून डोकावली. सुभद्रेने भिंतीला हात टेकला. चुलीवरच्या तव्याचा धूर दाराबाहेर येत होता आणि सखुबाई भाकरी उलटायची विसरून ऐकत होत्या.

"गिरणीच्या भोंग्याची सवय झाली आहे," मास्तर सावकाश वाचायला लागले. "फिनेलच्या वासाची सवय झाली आहे. मामंजी घरी असण्याची सवय होत आहे."

विठोबा खूष झाले. "ह्या खरा! सवय होवक होयीच. पुढे?"

"पुढे..." मास्तरांचा अंगठा कागदावर खाली सरकला. "पत्र दुसऱ्याने वाचण्याची सवय झाली आहे." ते जरा खोकले. "उरलेलं तसंच आहे. सवयीचंच."

"आनि तळाक? तळाक बरा लिवलेला दिसता."

"ती मागच्या अभ्यासातली दुरुस्ती आहे," मास्तर म्हणाले. "चुकलं होतं, ते पुन्हा लिहून काढलंय."

विठोबांनी समाधानाने धूर सोडला. मास्तर दाराजवळ आले आणि फक्त सुभद्रेला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, शेवटून दुसरं वाक्य व्याकरणाला थोडं कमी पडतं. इंग्रजीत नुसतं नाव चालत नाही, 'भेटण्याची' असा एक शब्द हवा. घालू का?"

"राहू दे, मास्तर. ते घालतील. लाल शाईने."

मास्तरांनी कागदाची घडी सुलट केली, लखोट्यात घातली आणि कडेला लाळ लावून अंगठ्याने दोनदा दाबली. पावणेतीनला लखोटा मोठ्या पोस्टाच्या खिडकीतून आत गेला, हे त्यांनी संध्याकाळी येऊन सांगितलं. विचारलं कोणी नव्हतं.

राहिला वेंगुर्ल्याच्या बोटीचा प्रश्न. पुढचं मोंबासाचं टपाल ९ मार्चला येणार होतं. सुभद्रा गावी गेली तर ते पत्र लालबागला येऊन पडणार, मग कोणीतरी जाणारा बघून गावी पाठवणार, आणि तिचं उत्तर निघेपर्यंत दोन बोटी सुटून गेलेल्या असणार. हे ती बोलली नाही. गुरुवारी जेवताना सखुबाईच म्हणाल्या, "मी एकटीच जातंय. ही रवांदे हय."

विठोबांचा घास हातात राहिला. "साथ इली हा, आनि सुनेक हय ठेवतंस?"

"मगे तुमका भाकरी कोण घालतला? रखमा? तिच्या हातची आमटी खावन साथीचीय गरज पडूची नाय."

"मी खानावळीत जेवान."

"खानावळीतच साथ आसा. मास्तर वाचत होते पेपरात." मास्तरांनी असं काही वाचलं नव्हतं.

विठोबा सुनेकडे वळले. "तुझा काय म्हणणा?"

"मी राहीन, मामंजी."

"भय नाय वाटणा?"

"वाटतं," सुभद्रा म्हणाली. "तरी राहीन."

शुक्रवारी, १२ फेब्रुवारीला, दोन्ही बोटी सुटल्या. सखुबाई जिन्यावरून उतरताना एवढंच म्हणाल्या, "पत्र इला की माका कळय. मास्तराकडसून नको. तुझ्या हातान." आपल्याला वाचता येत नाही हे त्या तेवढ्यापुरतं विसरल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस सुभद्रेला सोपे गेले नाहीत. म्युन्सिपालटीची माणसं दोनदा आली, खोली चुन्याने पांढरी केली, गोधड्या उन्हात टाकायला लावल्या. तळमजल्यावरचं एक बिऱ्हाड एका दुपारी उचलून नेलं, त्यातलं निम्मं परत आलं. रोज सकाळी विठोबा काखेत हात घालून गाठ आहे का बघायचे आणि नजरेनेच सुनेला विचारायचे. ती मान हलवायची. बोट बंदरं घेत चौदा दिवसांत पोचते आणि तीच थेट दहा दिवसांत परत येते, असं मास्तरांनी सांगितलं होतं. म्हणजे सव्वीस तारखेला. सव्वीस तारखेला तिने चुलीपाशी बसून मनात हिशेब केला: आता पोती उतरली असतील, आता साहेबाचा शिपाई कचेरीत वाटत असेल, आता त्याने मराठी पत्र वाचून बाजूला ठेवलं असेल आणि दुसरा कागद हातात घेतला असेल. बरं केलंस, हे त्याने आधी वाचलं असेल. दुसरा कागद त्याने लगेच उघडला असेल, की तपासायचा अभ्यास म्हणून संध्याकाळवर टाकला असेल? तो संध्याकाळीच तपासायचा. इथे होता तेव्हाही, हातपाय धुऊन, दिवा पुसून, मग.

गंगाधर नाइकांच्या बायकोचीही बातमी आली. ती दादरला भावाकडे राहत होती आणि मास्तरांच्या शाळेतले एक पंतोजी तिच्या शेजारचे होते. मुंबईहून कोणत्याही उतारूला मोंबासाच्या बोटीत घ्यायचं नाही, असा हुकूम निघाला होता आणि बाईचं एप्रिलातलं जाणं रद्द झालं होतं. म्हणजे खोली आता कुलपातच राहणार होती. सुभद्रेने हे ऐकलं आणि त्या न पाहिलेल्या बाईसाठी तिला वाईट वाटलं. मग वाईट वाटण्याच्या तळाशी, खोली अजून रिकामी आहे याचं सुखही लागलं, तेव्हा तिने कळशी उचलली आणि नळावर गेली.

मंगळवार, ९ मार्च. टपालवाला साडेआठला चाळीत आला. खालच्या मजल्यावर एक कार्ड दिलं आणि गेला. मोंबासाची बोट आली नव्हती.

गुरुवारी, ११ मार्चला, मास्तरांनी शाळेत आलेलं वर्तमानपत्र घरी आणलं. या वेळी ते गॅलरीत बसले नाहीत. दाराशी उभे राहून त्यांनी कागद सुभद्रेच्या हातात दिला आणि बोटाने जागा दाखवली. बातमी इंग्रजीत होती, पाच ओळींची. तिने स्वतः वाचली, दोनदा, आणि मग सासऱ्यांना मराठीत सांगितली.

मुंबईहून १२ फेब्रुवारीला सुटलेली बोट २७ तारखेला मोंबासाला पोचली. साथीच्या शहरातून आल्यामुळे तिला पिवळं निशाण लावून बंदराबाहेर नांगरून ठेवलं आहे. माणसं उतरलेली नाहीत. टपालाची पोती गंधकाची धुरी देऊन उतरवावीत की परत पाठवावीत, याबद्दल वरिष्ठांकडे विचारणा झाली आहे. ८ मार्चच्या तारेपर्यंत पोती बोटीवरच होती, आणि त्यांत 'बरं केलंस'ही होतं आणि जयवंतचं नावही.